साताऱ्याच्या डोंगरात दोन दिवस: सांगलीच्या एका कुटुंबासाठी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीहून सात जण येणार. त्यात सासू-सासरे साठीच्या पुढचे आणि मुलगी दहा वर्षांची. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री घरी पोचायचं आहे. यादीत कास, ठोसेघर, सज्जनगड, बामणोली, वासोटा, महाबळेश्वर आणि प्रतापगड. "हे सगळं दोन दिवसांत कसं बसवावं?"

बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नका. मी साताऱ्यातच वाढले. गेली बावीस वर्षं शाळेच्या सहलींपासून निवृत्त मंडळींपर्यंत लोकांना या डोंगरांत घेऊन जाते. एवढ्या वर्षांत सहल फसलेली पाहिली ती बहुतेक वेळा पावसानं किंवा वाट चुकल्यानं नाही, तर यादीनं. गाडीत बसायचं, उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं गाडीत ओकतात, म्हातारी माणसं "आम्ही इथंच बसतो, तुम्ही जाऊन या" म्हणतात, आणि डोंगर पाहिल्यासारखं कुणालाच वाटत नाही.

याचं कारण इथल्या भूगोलात आहे. सातारा शहरातून पश्चिमेला पाहिलं की डोंगराच्या लांबच लांब रांगा हाताच्या बोटांसारख्या पुढं आलेल्या दिसतात. बोटं म्हणजे धारा आणि बोटांमधल्या फटी म्हणजे खोरी. यवतेश्वरावरून कासला जाणारी धार एक, सज्जनगड-ठोसेघरची धार दुसरी, आणि दोन्हींच्या मधे उरमोडीचं खोरं. कासच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळ पठारावर, उभं राहिलं की समोरची धार अगदी जवळ वाटते. गाडीनं जायचं तर मात्र सोयीचा रस्ता पुन्हा साताऱ्याकडं उतरून दुसऱ्या घाटानं वर चढतो. कासच्या पलीकडं उतरलं की कोयनेचं खोरं, ते तर वेगळंच जग. नकाशात बोटभर दिसणारं अंतर इथं अर्धा दिवस खातं. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, एका दिवसाला एकच धार किंवा एकच खोरं. तुमच्या यादीत चार दिवसांचा ऐवज आहे.

आता यातून काय काढायचं ते सांगते.

वासोटा काढा, आणि त्याची बोट निघते ते बामणोलीही. वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो, सप्टेंबरात तिथं जायची परवानगी मिळत नाही. शिवाय तो एक अख्खा दिवस मागतो. त्याच्यासाठी वेगळं या, त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते. महाबळेश्वर आणि प्रतापगडही काढा. साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, प्रतापगड त्याच्याही पुढं, आणि शनिवार-रविवारी त्या घाटात गाड्यांची रांग लागते. अफझलखानाची भेट 10 नोव्हेंबर 1659 ला जिथं झाली ती जागा, जावळीचं ते रान, ते कडे नीट समजून बघायला अख्खा दिवस द्यायला हवा. तासाभरात उरकण्यासारखी ती जागा नाही.

उरले कास, सज्जनगड, ठोसेघर. त्यात मी अजिंक्यतारा घालते. तो तुमच्या यादीत नाही, पण असायला हवा.

एक विनंती, जमलं तर दिवस बदला. शुक्रवारी रजा काढून गुरुवारी रात्री साताऱ्याला मुक्कामी या. हंगामात शनिवार-रविवारी कासला जी गर्दी होते, तिच्यात फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. तिथं आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, आणि वनखातं आणि आसपासच्या गावांची समिती मिळून ही व्यवस्था बघतात. सुट्टीच्या दिवसांची नोंदणी लवकर संपते, त्यामुळं तारीख ठरली की पहिलं काम हेच करा. सकाळची पहिली वेळ घ्या. सकाळी धुकं असलं तर असू द्या, ते उठतं तेव्हा सडा जसा उघडत जातो ते दुपारी आलेल्यांना बघायला मिळत नाही.

कास साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर, साधारण 1200 मीटर उंचीवर. शहरापेक्षा तिथं तीन-चार अंशांनी गार असतं, पण वारा आणि ओल यामुळं थंडी त्याहून जास्त वाजते. सासूबाईंसाठी स्वेटर घ्याच, आणि तो गाडीत न ठेवता हातात ठेवा. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात कास आहे. साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद इथं झालेली आहे. हे आकडे सगळीकडं वाचायला मिळतात. पण ही फुलं इथंच का, हे मुलीला जागेवर समजावून सांगा.

सड्यावर पाय ठेवलात की खाली जांभा दगड आहे, सलग पसरलेला, तव्यासारखा. त्याच्यावर माती बोट-दोन बोटं, कुठं तीही नाही. मोठं झाड मुळं धरणार कुठं? पावसाळ्यात वर पाण्याचा थर, उन्हाळ्यात दगड तापलेला. मग ज्या वनस्पती चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात त्यांचंच इथं राज्य. मातीत नत्रही कमी, म्हणून काही वनस्पतींनी किडे खायला सुरुवात केली. सीतेची आसवं या निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा दिसेल, त्यांचे सापळे खाली ओल्या मातीत बारीक पिशव्यांसारखे असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. दवबिंदू नावाची दुसरी किडेखाऊ वनस्पती मात्र दिसते. एक साधं भिंग बरोबर घ्या, दुसरं काही विसरलात तरी चालेल. गुडघ्यावर बसायचं, दगडाच्या कडेला ओल्या जागेत रुपयाएवढा लालसर गोल शोधायचा. प्रत्येक पानावर लाल केस, आणि केसाच्या टोकाला चिकट थेंब. ऊन वर आलं, दव वाळलं, तरी हे थेंब तसेच राहतात. गेल्या हंगामात माझ्याबरोबर आलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाला अशा पानावर डासाएवढा किडा अडकलेला दिसला. किडा एक पाय सोडवायचा, तर दुसरा चिकटायचा. पोरगं वीस मिनिटं हललं नाही. त्याचे वडील पुढं जायची घाई करत होते, त्यांनाही शेवटी मी खाली बसवलं.

फुलांचा रंग दर आठ-दहा दिवसांनी बदलतो, त्यामुळं फोटोत पाहिलेलाच रंग मिळेल असं धरून जाऊ नका. तेरडा जोरात असला तर सडा गुलाबी, सोनकी आणि मिकी माऊस ही फुलं असली तर पिवळा, गेंदाची पांढरी बोंडं असली तर दुरून कुणी लाह्या सांडल्यासारखं दिसतं. तळ्याच्या काठी, साचलेल्या पाण्यात वायतुरा बघा, वाय आकाराचा तुरा आहे म्हणून ते नाव. शास्त्रीय नावातच त्याच्या सातारा आहे. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती यंदा मिळाली तर तुमचं नशीब. नसली फुललेली तर तिची झुडपं तरी ओळखून ठेवा, पुढं किल्ल्यांवर तीच भेटते.

प्रवेशद्वारापासून आत जुना राजमार्ग जातो, साताऱ्याहून महाबळेश्वरकडं जाणारी जुनी वाट ती. तिच्यावरून कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जा. वाट सपाट आहे, सासऱ्यांनाही जमेल. बहुतेक लोक रस्त्याकडच्या पट्ट्यातच फिरून परततात, त्यामुळं आत शांतता मिळते. तळ्यात पांढरी कुमुदिनी, झालरीच्या पाकळ्यांची. इथं अर्धा तास नुसतं बसा. मात्र वाट सोडून फुलांत शिरू नका आणि मुलीला फोटोसाठी फुलांत बसवू नका. बोटभर मातीवर एकदा पाय पडला की ती दबते, पाणी धरायचं सोडते, आणि पुढच्या वर्षी त्या पावलाच्या आकाराची जागा मोकळी राहते. मी अशा जागा वर्षानुवर्षं बघते, म्हणून हे मनापासून सांगते.

परतायच्या आधी कास तलावावर थांबा. साताऱ्याच्या काही भागाला याच तलावाचं पाणी उतारानं येतं. दुपारचं जेवण वाटेवर मिळतं, झुणका-भाकरी, खर्डा, ताक. पोट भरलं की मुक्कामी परता आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. तुम्हाला वाटेल अर्धा दिवस वाया गेला. पण पहिल्या दिवशी पाय मोकळे राहिले तर दुसऱ्या दिवशी चढवतं.

दुसरा दिवस सज्जनगड आणि ठोसेघर. एकाच धारेवर आहेत, म्हणून एका दिवसात बसतात. आधी ठोसेघर करा, सकाळी. धबधबा पूर्ण भरात असतो, पण दुपारनंतर धुकं खोऱ्यातून वर आलं की समोर उभं राहून नुसता आवाज ऐकावा लागतो. समोरच्या बाजूला बांधलेल्या सज्जावरून बघायचं, खाली डोहाकडं उतरायचं नाही. कठड्याच्या पलीकडं शेवाळलेला कातळ आहे, आणि शेवाळावर कितीही चांगला बूट टिकत नाही. मुलीचा हात धरूनच ठेवा. वेळ आणि हवा चांगली असेल तर पुढं चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या सड्यापर्यंत जा.

त्या सड्याबद्दल एक अनुभव सांगते, कारण तो तुमच्याही कामाचा आहे. एका सप्टेंबरात मी दोन शिक्षिकांना घेऊन रस्त्यापासून थोडं आत, फुलं बघत गेले. दहा मिनिटांत धुकं असं उतरलं की हाताच्या अंतरावरची बाई दिसेना. डोक्यावर पवनचक्कीचं पातं घूं घूं करत फिरतंय, पण पातंही दिसत नाही आणि खांबही. मी ठामपणे म्हणाले, रस्ता डावीकडं. चाळीस मिनिटं चाललो आणि ज्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बसून चहा प्यालो होतो, तिथंच परत आलो. चौथऱ्यावर आमच्याच कपातली चहापत्ती सांडलेली होती. गावातली माणसं याला चकवा लागला म्हणतात. खरं कारण एवढंच की खूण दिसत नसली की माणूस सरळ चालतो आहे असं समजून गोल फिरतो. त्या दिवशी शेवटी आम्ही बसून राहिलो, तासाभरानं धुकं विरळ झालं, आणि रस्ता निघाला उजवीकडं, शंभर पावलांवर. तेव्हापासून सड्यावर आत जाताना दर पाच मिनिटांनी मागं वळून बघते, येताना वाट कशी दिसेल ते डोळ्यांत भरून घेते, आणि धुकं उतरलं की जागेवर बसते. तुम्हीही तेच करा. मुलीच्या गळ्यात शिट्टी अडकवा.

ठोसेघरहून परतताना सज्जनगड वाटेत लागतो. गाडी बरीच वर जाते, पुढं पायऱ्या. पायऱ्या रुंद आणि बांधीव आहेत, पण ओल्या असतात. सासूबाईंना चढताना दम लागेल, गुडघे मात्र उतरताना बोलतील, म्हणून काठी उतरताना जास्त लागते. दर तीस-चाळीस पायऱ्यांना थांबायचं, आणि थांबायची वेळ तुम्ही सांगायची, त्यांच्यावर सोडायची नाही. "थकलात का?" असं विचारलं तर आपल्या घरातलं कुणीही वडीलधारं माणूस "नाही" असंच म्हणतं. समर्थ रामदासस्वामींनी 1682 साली इथंच देह ठेवला, समाधी मंदिर गडावर आहे. दुपारी महाप्रसाद असतो, रांगेत बसून जेवा. पोचायला उशीर होणार असेल तर उलटा क्रम लावा, पण मग ठोसेघरला धुक्याची तयारी ठेवा. गडाच्या मागच्या टोकाला धाब्याचा मारुती आहे, तिथून उरमोडीचं धरण आणि समोर कासची धार दिसते. काल आपण त्या पलीकडच्या सड्यावर होतो, हे मुलीला तिथून बोटानं दाखवा. खोरं आणि धार म्हणजे काय ते तिला तिथं एका नजरेत कळेल.

रविवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, उजाडता अजिंक्यतारा. गड शहराच्या डोक्यावरच आहे, वर रस्ता जातो, पण तुम्ही आणि मुलगी चालत चढा, बाकीचे गाडीनं येतील. 1700 साली औरंगजेबानं काही महिने वेढा घालून, सुरुंग लावून हा गड घेतला आणि त्याला आझमतारा नाव दिलं. ताराबाईंच्या लोकांनी परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. तटावरून चारी दिशांची ओळख होते: जरंडेश्वर, चंदन-वंदन, नांदगिरीचा कल्याणगड, यवतेश्वर, सज्जनगड. न्याहारीला खाली या, कंदी पेढे घ्या, आणि दुपारी सांगलीच्या रस्त्याला लागा. वाटेत कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर तासभर थांबलात तर घाटावर सावली आहे.

आता वासोटा. तुम्ही तो यादीत घातलात यावरून मनात तो आहे हे कळतं, आणि तो मनात असावा असाच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, सासू-सासऱ्यांना बामणोलीला पाण्याकाठी ठेवून. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, प्रकल्प 2010 साली झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून. त्यामुळं वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र लागतं, रात्रीचा मुक्काम चालत नाही, आणि चौकीवर पिशव्या बघून प्लास्टिक मोजून घेतात. गवे आणि अस्वलं या जंगलात खरोखर आहेत. म्हणून गप्पा मारत, एकत्र चालायचं, पुढं धावायचं नाही.

बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोट जाते, साधारण दीड तास. भाडं बोटीमागं असतं, माणसामागं नाही, त्यामुळं दुसरं एखादं कुटुंब जोडून घेतलं तर परवडतं. बोटीवाले याच खोऱ्यातले, त्यांची शेतं-गावं कोयनेच्या धरणात गेली. त्यांच्याशी बोला. पाण्याखाली कुठं कुणाचं गाव होतं, ते दाखवतात.

पायथ्याला मेट इंदवली. तिथून ओढा ओलांडला की दाट झाडी, कडक उन्हातही सावली. निम्म्यावर नागेश्वरकडं जाणारा फाटा लागतो, तो घेऊ नका, एका दिवसात दोन्ही करायचं तर कुटुंबाचं काम नाही. शेवटचा टप्पा उघडा, कारवीतला, पडक्या पायऱ्यांचा. वर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, आणि बाबू कडा. तो कडा बघायला पोटावर झोपून पुढं सरकायचं, उभं राहून नाही. खाली थेट कोकण आणि समोर जुना वासोटा. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांपैकी काही जण याच गडावर कैदेत होते. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी लढवला, "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा" हे आमच्याकडं अजून म्हणतात.

वेळेचा हिशेब असा करा. साडेसातला बामणोली, परवानगी आणि बोट होईपर्यंत साडेआठ, पायथ्याला दहा. मुलीसकट चढायला अडीच तास. वर तास-सव्वा तास. उतरायला दोन. चार-सव्वाचारला बोट, पावणेसहाला काठावर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे हातात जवळपास काहीच शिल्लक नाही. म्हणून परत फिरायची वेळ घरीच ठरवा आणि कागदावर लिहा: एक वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर जिथं असू तिथून मागं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत अकरा जणांना घेऊन गेले होते. एक वाजला तेव्हा आम्ही कारवीच्या खाली होतो. दोन कॉलेजची पोरं म्हणाली, ताई, एवढं आलोय, आता फिरायचं? मला त्यांचं मन मोडवेना. वर पोचलो, कडा पाहिला, सगळे खूष. उतरताना एकाच्या गुडघ्यानं दगा दिला, त्याला धरधरून खाली आणलं. काठावर पोचलो तेव्हा अंधारलं होतं. बोटीवाले दादा चारपासून नावेत बसून होते. मला वाटलं चिडतील. ते एवढंच म्हणाले, "थांबलो ताई, पण घरी पोरगी तापानं पडलीया." पुढचा दीड तास अंधारात, वारा सुटलेल्या पाण्यावर, कुणीही बोललं नाही. मला माथ्यावरचं काही आठवत नव्हतं, डोळ्यांपुढं ती तापानं फणफणलेली पोरगी होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बामणोलीला गेले. पोरीचा ताप उतरला होता. त्यानंतर एक वाजल्यावर मी एकाही माणसाला वर नेलेलं नाही.

तुमच्या तयारीबद्दल. बूट नवे घेऊन थेट येऊ नका. खोल दात्यांचा रबरी तळ असलेले साधे बूट घ्या आणि दोन आठवडे बाजारात, कामावर तेच घाला. सराव सांगलीतच होतो. दोन रविवार दंडोबाचा डोंगर चढा, एक रविवार सागरेश्वर. पाठीवर सहलीत जेवढं नेणार तेवढंच वजन घ्या. तिथं कोण कुठं थकतं ते कळतं, आणि सगळ्यात हळू चालणारा माणूस कोण तेही. साताऱ्यात तो माणूस पुढं ठेवायचा, बाकीचे मागं. कुटुंब घेऊन चढताना तासाला तीनशे मीटर उंची धरली तरी जास्त होते, मी अडीचशे धरते.

पाणी हिवाळ्यात माणशी तीन लिटर, सप्टेंबरात दोन पुरतं. खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. चिप्सनं तहान लागते. एक जास्तीचा कपड्यांचा जोड प्रत्येकाचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. विजेरी प्रत्येकाकडं, मोबाइलची नको, कारण फोटो काढून काढून दुपारी चार्जिंग संपलेलं असतं. कासच्या पुढं रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या, रोख पैसे ठेवा, आणि कुठं कधी जाणार ते घरी एका माणसाला लिहून द्या.

सप्टेंबरअखेर दुपारी ढग काळे झाले आणि गडगडायला लागलं की सडा सोडा. सपाट सड्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला तर गाडीत बसून काचा लावा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, छत्री मिटा. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात: अत्तर नको, सिगारेट नको, दगड मारणं नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड ओढणीनं झाकून आल्या वाटेनं निघून जायचं, हात हलवत उभं राहायचं नाही, आणि काटा चिमटीत न धरता नखानं खरवडून काढायचा.

साप दिसला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. चावलाच तर पाय हलू न देता फळीला बांधायचा, दोरीनं आवळायचा नाही, कापायचं नाही, 108 ला फोन करून सरळ जिल्हा रुग्णालय गाठायचं. वासोट्यावरून तिथं पोचायला बोट आणि रस्ता मिळून तीन तास सहज जातात, म्हणून तिथं दगडाच्या फटीत हात घालायचा नाही हे मुलीला आधीच सांगून ठेवा. पावसाळी जंगलात जळवा लागतात. ओढू नका, नखानं बाजूला सरकवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तीन फोन करा. मुक्कामाच्या ठिकाणी पाऊस कसा आहे ते विचारा, कासच्या नोंदणीची वेळ पुन्हा तपासा, आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांना चढण्याबद्दल एकदा विचारून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या सामानाच्या बॅगेत नको, त्यांच्या स्वतःच्या खिशात ठेवा.